कॅचर मुलीसाठी लेग गार्ड: उभं करून नको, बसवून बघा

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी 11 वर्षांची, उंची 4 फूट 7 इंच. शाळेच्या 14 वर्षांखालच्या सॉफ्टबॉल संघात सरांनी तिला कॅचर केलंय, म्हणजे विकेटकीपरसारखं बॅटरच्या मागे बसून बॉल पकडायचं काम. शाळेच्या किटमधले लेग गार्ड पायात गोल फिरतात, धावताना खाली घसरतात, म्हणून स्वतःचे घ्यायचे आहेत. वाढतं वय आहे तर एक साइज मोठे घ्यावेत का? घरात दादाचे क्रिकेटचे पॅड आहेत, ते चालतील का? आणि पोटरीमागे लावायचे नी सेव्हर घ्यावेत का?

आधी तिन्हींची उत्तरं देऊन टाकतो. मोठे घेऊ नका. क्रिकेटचे पॅड चालणार नाहीत. नी सेव्हर आत्ता नकोत. आता सविस्तर.

दुकानात काय होतं ते मी खूपदा बघितलंय. मुलीला उभं करतात, गार्ड पायाला लावतात, नडगी झाकली गेली की बिल करतात. पण कॅचर उभी राहून खेळतच नाही. डावातला बराचसा वेळ ती उकिडवी असते, आणि पिच, म्हणजे पिचरनं टाकलेला बॉल, प्लेटच्या (बॅटरसमोरच्या पाटीच्या) अलीकडे टप्पा खाऊन आला की दोन्ही गुडघे जमिनीवर टाकून, हनुवटी छातीला लावून बॉल अंगावर घेते. गार्ड या दोन अवस्थांमध्ये जागेवर राहतो का, एवढंच खरं तर बघायचं असतं. बाकी सगळं, म्हणजे कंपनी, गार्डला गुडघा झाकणाऱ्या किती वाट्या, वजन, किंमत, हे त्याच्या नंतर.

लांब गार्डचं काय होतं ते सांगतो, म्हणजे 'एक साइज मोठा' का नको ते कळेल. गार्डच्या खालच्या टोकाला पावलावर येणारी एक झडप असते. मुलगी उकिडवी बसली की पाऊल आणि नडगी यांच्यातला कोन लहान होतो. गार्ड लांब असेल तर ही झडप पावलावर टेकते आणि अख्खा गार्ड वर ढकलला जातो. मग गार्डची गुडघ्यावरची वाटी मांडीवर चढते आणि खऱ्या गुडघ्यासमोर येतो तो नडगीच्या पत्र्याचा (नडगीवरच्या कडक प्लास्टिकच्या ढालीचा) आणि वाटीचा सांधा. आता ती बॉल अंगानं अडवायला खाली पडली की सगळं वजन त्या सांध्यावर, प्लास्टिकच्या कडेवर. दोन-तीनदा असं लागलं की मूल गुडघे टाकायचंच सोडून देतं, नुसता मिट (कॅचरचा हातमोजा) पुढं करतं, आणि मग सर ओरडतात की ही बॉलला घाबरते. बॉलला नाही घाबरत ती, स्वतःच्या गार्डला घाबरते.

रुंदीचंही तसंच. तुम्ही लिहिलंय की शाळेचे गार्ड गोल फिरतात. बहुतेक शाळांत एकच किट असतं आणि तेच 14, 17 आणि 19 वर्षांखालची मुलं-मुली सगळे वापरतात, त्यामुळं ते मोठ्यांच्या मापाचं घेतलेलं असतं. बारीक पायावर त्याचा पत्रा नडगीच्या बाहेरच्या बाजूला सरकतो आणि आतली बाजू, म्हणजे घोट्याचं आतलं हाड, उघडं पडतं. उकिडवं बसल्यावर पावलं थोडी बाहेर वळलेली असतात, त्यामुळं पिचरच्या समोर नेमकी हीच आतली बाजू येते. हल्ली बऱ्याच प्रशिक्षणांत एक गुडघा जमिनीला टेकवून बसायला शिकवतात, त्यात तर एका पायाची आतली बाजू सरळ बॉलच्या वाटेत असते. म्हणून गार्ड निवडताना समोरून किती भक्कम आहे हे बघण्याइतकंच आतल्या बाजूचा पंखा, म्हणजे बाजूला आलेला पत्रा, घोट्यापर्यंत पोचतो का हेही बघा.

आता माप. घरी घ्या, दुकानदाराच्या नजरेवर सोडू नका. मुलीला खेळायचे बूट आणि लांब मोजे घालून खुर्चीवर बसवा, गुडघा काटकोनात. शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर बोट ठेवा आणि तिथून नडगीवरून सरळ खाली, पाऊल जिथं पुढं वळतं त्या वाकापर्यंत मोजा. बूट घालूनच मोजा, कारण बुटाची जीभ त्या वाकाच्या वर येते आणि गार्ड तिच्यावर टेकतो. दोन्ही पायांचं माप घ्या. 4 फूट 7 इंच उंचीच्या मुलीचं हे माप साधारण 12 ते 13 इंच, म्हणजे 31 ते 33 सेंमीच्या आसपास यायला हवं. फारच वेगळं आलं तर पुन्हा मोजा, टेप बहुधा गुडघ्याच्या वरून सुरू झाली असेल. पोटरीचा सर्वांत जाड जागचा घेरही लिहून ठेवा.

बाजारात साधारण तीन मापं मिळतात: यूथ, इंटरमिजिएट आणि अ‍ॅडल्ट. यूथ 12 ते साडेतेरा इंचांच्या घरात, इंटरमिजिएट 14 ते साडेपंधरा, त्यापुढं अ‍ॅडल्ट. कंपनीगणिक अर्धा-पाऊण इंच पुढंमागं होतं. खोक्यावर '9 ते 12 वर्षं' असं काहीतरी छापलेलं असतं, त्याकडे बघू नका. तो अंदाज अमेरिकेतल्या मुलांच्या बांध्यावरून केलेला असतो, आणि आपल्याकडची किरकोळ अंगाची तेरा वर्षांची मुलगीही कधीकधी यूथमध्येच नीट बसते. अजून एक खुबी: काही कंपन्या वाटीच्या मध्यापासून घोट्यापर्यंतचं माप देतात, काही गार्डची टोकापासून टोकापर्यंतची लांबी देतात. ऑनलाइन घेताना 16 इंच वाचून दचकू नका आणि 13 वाचून लगेच खूशही होऊ नका, आकडा कुठून कुठपर्यंतचा आहे ते आधी बघा. मुलींच्या फास्टपिचसाठी (वेगानं बॉल टाकायच्या सॉफ्टबॉलसाठी) म्हणून जे सेट येतात ते गुडघ्याला आणि नडगीला जरा अरुंद असतात. बारीक पायाच्या मुलीला त्याचा उपयोग होतो. मिळाले तर घ्या, नाही मिळाले तर बेसबॉलच्या यूथ सेटनंही काम होतं.

वाढीची भीती अनाठायी आहे असं मी म्हणणार नाही, या वयात उंची झपाट्यानं वाढते. पण वर्षात सात सेंमी उंची वाढली तरी नडगीच्या वाट्याला त्यातले जेमतेम दीड-दोन सेंमी येतात. मापाच्या पट्ट्यात मुलगी मधोमध किंवा खालच्या बाजूला असेल तर तेवढी वाढ गार्ड पोटात घालतो. साडेतेरापर्यंतचा गार्ड आहे आणि मुलीचं माप साडेबारा आहे, तर पुढचा हंगामही निघेल. मुलीचं माप सव्वातेरा असेल आणि यूथ की इंटरमिजिएट असा पेच पडला, तर मात्र दोन्ही घालून, बसवून बघितल्याशिवाय ठरवू नका.

बसवून बघायचं म्हणजे काय? गार्ड बांधून तिला कॅचरसारखं उकिडवं बसू द्या, वरून बघा. गुडघ्याची वाटी गार्डच्या वाटीच्या मध्यावर आहे का? गार्ड आणि मांडी यांच्यात, किंवा वाटी आणि नडगीचा पत्रा यांच्यात बॉल शिरेल अशी फट नाही ना? खालची झडप बुटाच्या नाड्यांवर अलगद पडली आहे की पावलात रुतते आहे? मग नडगीवरचा गार्ड हातात धरून डावीकडं-उजवीकडं फिरवा. थोडा हलेलच, पण पत्र्याची मधली रेघ नडगीच्या हाडावरून उतरायला नको. त्यानंतर जमिनीवर गादी किंवा सतरंजीची घडी टाका आणि तिला सरावात करते तसे गुडघे टाकायला सांगा, समोर, मग डावीकडं, मग उजवीकडं. उठल्यावर पुन्हा बघा, वाटी जागेवरच आहे का. शेवटी गॅलरीत नाहीतर रस्त्यावर वीसेक पावलं पळवा. कॅचरला पहिल्या बेसच्या मागे बॅकअपला धावावं लागतं, पळताना दोन गार्ड एकमेकांवर आपटत असतील तर ते रुंद आहेत. एवढं करायला पाच मिनिटं लागतात. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या.

आपल्या मैदानांमुळं एक गोष्ट मी सगळ्यात वर ठेवतो, ती म्हणजे गार्डच्या वाटीच्या आतला फोम. परदेशी सेट बनवताना कॅचर मऊ, मशागत केलेल्या मातीवर गुडघे टाकेल असं धरलेलं असतं. आपल्याकडं जिल्हा स्पर्धा होतात त्यातली निम्मी मैदानं मुरमाची, रोलर फिरवून घट्ट केलेली, वर बारीक खडी आलेली. अशा मैदानावर बॉलपेक्षा जमीनच जास्त लागते. दुकानात वाटीच्या आत अंगठा घालून जोरात दाबा. फोममधून खालचं कडक प्लास्टिक अंगठ्याला जाणवलं, तर तो गार्ड नको. फोम नुसता जाड असूनही उपयोग नाही. लगेच चेपून तसाच राहणारा फोम दोन महिन्यांत पापड होतो. दाबून सोडल्यावर सावकाश वर येणारा हवा. स्वस्त मालात पत्रा बहुधा बरा असतो, मार खातो तो फोम आणि इलॅस्टिक.

वाट्या किती असाव्यात, एक, दोन की तीन, यावर लोक फार चर्चा करतात. माझं मत सरळ आहे. या उंचीच्या मुलीला दोन वाट्यांचा गार्ड घ्या. एक वाटीचा गार्ड गुडघा पूर्ण दुमडल्यावर मांडीच्या बाजूला उघडा पडतो. दोन वाट्या एकमेकांवर सरकतात म्हणून झाकण कायम राहतं. तीन वाट्यांचा मोठ्या खेळाडूंना चांगला, पण छोट्या नडगीवर तिसरी वाटी नडगीच्या पत्र्याचीच जागा खाते आणि वजन वाढवते ते वेगळंच.

क्रिकेटच्या पॅडबद्दल. गंमत अशी की लेग गार्ड आले ते पॅडकडं बघूनच. 1907 साली न्यूयॉर्क जायंट्सचा कॅचर रॉजर ब्रेस्नाहान क्रिकेटच्या पॅडसारखे गार्ड बांधून बेसबॉलच्या मैदानात उतरला तेव्हा त्याची टिंगल झाली होती. पण तेव्हापासून लेग गार्ड त्याच्या वाटेनं गेला आणि पॅड आपल्या वाटेनं. बॅटिंगचा पॅड उभ्या माणसासाठी आहे, गुडघ्याच्या वर त्याचा बराच भाग ताठ उभा असतो. उकिडवं बसलं की तो मांडीत आणि पोटात घुसतो. कीपिंगचा पॅड आखूड असतो, त्यात बसता येतं, पण गुडघ्यावर पडण्यासाठी त्याला वेगळी हलणारी वाटी नाही आणि घोट्याच्या आतल्या बाजूला संरक्षण जवळजवळ नाही. शिवाय बॉलचा विचार करा. पुरुषांच्या क्रिकेटचा बॉल 156 ते 163 ग्रॅमचा, 12 इंची सॉफ्टबॉल 178 ते 198 ग्रॅमचा. नव्या पालकांना हे ऐकून नेहमी आश्चर्य वाटतं. फास्ट पिचच्या नियमांतही कुमार गटाच्या कॅचरला गुडघ्याच्या वाट्या झाकणारे शिन गार्ड, म्हणजे लेग गार्डच, सक्तीचे आहेत, आणि पॅड बघून पंचांनी हरकत घेतली तर ऐन सामन्यात पळापळ होईल. नवीन गार्ड येईपर्यंत हलक्या हातानं टाकलेले बॉल पकडायचा सराव ती शाळेच्या मोठ्या गार्डमध्ये करू दे, पिचरच्या पुऱ्या वेगाला मात्र बसवू नका.

आता नी सेव्हर. फोमची ही पाचर पोटरीच्या मागे गार्डच्या पट्ट्यांना अडकवतात, म्हणजे पूर्ण खाली न बसता मांडी तिच्यावर टेकते. रोज तासन् तास बसणाऱ्या मोठ्या कॅचरला आराम पडतो. अकरा वर्षांच्या मुलीचे घोटे आणि कंबर लवचिक असतात. पाचर लावली की ती तिच्यावर रेलून बसते, वजन टाचांवर जातं आणि टप्पा खाऊन येणाऱ्या बॉलसाठी गुडघे टाकायला क्षणभर उशीर होतो. पिचर ताशी 65 किमीनं टाकत असेल आणि अंतर 40 फूट असेल, तर बॉल हातातून सुटल्यापासून कॅचरपर्यंत पोचायला पाऊण सेकंदही लागत नाही. त्यातला क्षण घालवणं परवडत नाही. आधी तिला पावलाच्या चवड्यावर वजन ठेवून बसायला येऊ दे.

पण तुम्ही नी सेव्हरचं विचारलंत ते तिचे गुडघे दुखतात म्हणून असेल, तर विषय वेगळा आहे. या वयात, विशेषतः उंची भराभर वाढत असताना, गुडघ्याच्या खाली नडगीवर जो उंचवटा असतो तिथं दुखायला लागतं, हात लावला की कळ येते, कधी तो उंचवटा फुगल्यासारखा दिसतो. ऑसगुड-श्लॅटर म्हणतात याला. मांडीच्या मोठ्या स्नायूची ओढ वाढत्या हाडाच्या कोवळ्या जागेवर पडून हे होतं आणि उड्या मारणाऱ्या, वारंवार उकिडवं बसणाऱ्या मुलांमध्ये सर्रास दिसतं. एकदा हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि सरांशी बोलून बसायचा वेळ कमी करा. पिचरच्या सरावात पन्नास बॉल पकडायचे असतील तर निम्मे दुसऱ्या मुलीनं पकडावेत, किंवा हिनं मास्क लावून छोट्या स्टुलावर बसून पकडावेत. अशा मुलीच्या गार्डमध्ये एक गोष्ट मुद्दाम तपासायची: वरचा पट्टा किंवा वाटीच्या खालची कड नेमकी त्या उंचवट्यावर दाबत नाही ना. दाबत असेल तर दुसऱ्या बनावटीचा गार्ड बघा, मधे रुमाल कोंबून वेळ मारून नेऊ नका.

पट्टे बांधण्यात निम्मी मुलं चुकतात, मोठीही. हुक किंवा बकल नेहमी पायाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवेत. आत आले तर पळताना एकमेकांत अडकतात आणि मूल तोंडावर आपटतं. दोन्ही गार्ड समोर ठेवून आधी डावा-उजवा ओळखायला शिकवा. बांधायची सुरुवात घोट्यापासून करायची, तिथला आणि पोटरीचा पट्टा घट्ट. गुडघ्याच्या मागचे पट्टे मात्र पाय दुमडून, अर्धवट बसलेल्या स्थितीतच लावायचे. उभं राहून घट्ट लावले तर बसल्यावर ते गुडघ्यामागच्या लवणीत काचतात आणि चौथ्या डावापर्यंत पायाला मुंग्या येतात. पट्ट्याचं लोंबणारं टोक कापून कड मेणबत्तीवर जरा जाळून घ्या, सुटत नाही. तारेचे हुक की प्लास्टिकची बकल? धुळीच्या मैदानाला तारेचे हुक बरे. वाकले तर पकडीनं सरळ होतात, बकलमध्ये माती बसली की ते लागतही नाही आणि सुटतही नाही.

गार्डच्या आत काय घालायचं हेही सांगतो, कारण बऱ्याच शाळांचा गणवेश हाफ पँटचा असतो. उघड्या पायावर गार्ड बांधू नका. गुडघ्यापर्यंतचे फुटबॉलचे मोजे आणि वर लेगिंग किंवा फुल पँट. एप्रिल-मेच्या शिबिरात आतला घाम आणि माती मिळून कातडी सोलून काढतात. व्हॉलीबॉलचे नी पॅड आतून घालावेत का असंही पालक विचारतात. माप बरोबर असेल तर गरज नाही, उलट गार्ड पायापासून उचलला जाऊन हलायला लागतो.

पैशांचा हिशेब करताना एक आगाऊ सल्ला. बजेट एकाच गोष्टीचं असेल आणि शाळेचं हेल्मेटही डोक्यात फिरत असेल, तर आधी हेल्मेट घ्या. हेल्मेटवर नॉक्सी (NOCSAE) या अमेरिकेतल्या क्रीडासाहित्य सुरक्षा मानकाचा शिक्का बघून घ्यायचा असतो, छातीच्या प्रोटेक्टरवरही. लेग गार्डवर तसा शिक्का शोधत बसू नका, तिथं तुमचा अंगठा आणि ती बसवून बघण्याची परीक्षाच कामाची. याच कारणानं जुनं हेल्मेट मी कुणाला घ्यायला सांगत नाही, पण जुने लेग गार्ड खुशाल घ्या. दोन वर्षांपूर्वीची कॅचर आता मोठी झाली असेल, तिच्या घरी माळ्यावर यूथ मापाचा जोड पडलेला असतो. पत्रा उजेडासमोर धरून बारीक तडा बघा, रिव्हेट हलवून बघा, फोम दाबून बघा. इलॅस्टिक सैल असेल तर ते कारण धरून सोडू नका. शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात तेवढ्याच रुंदीचं जाड इलॅस्टिक मिळतं आणि बॅगा दुरुस्त करणारा कारागीर जुने हुक काढून नव्या पट्ट्यांना शिवून देतो. नवे घेणार असाल तर मेरठ-जालंधरचा माल विदेशी सेटच्या मानानं बराच स्वस्त पडतो, त्यातही हाताळून निवडता आला तर चांगला जोड मिळतो. ऑनलाइन मागवलात तर लेबल न काढता घरातच गादीवर परीक्षा घ्या आणि परत करायची मुदत संपायच्या आत निर्णय घ्या.

नवा गार्ड पहिल्या दिवशी थेट सामन्याला नेऊ नका. आठवडाभर घरी रोज थोडा वेळ घालून उठबस करू दे, फोम पायाच्या आकाराला बसतो आणि कुठं काचतंय ते तिला स्वतःला कळतं. खेळून आल्यावर किट बॅगेत तसंच कोंबून ठेवायचं नाही, पंख्याखाली किंवा सावलीत वाळवायचं. उन्हात किंवा बंद गाडीत ठेवलं तर फोमचा डिंक सुटतो. पावसाळ्यात वास येणारच, ओल्या फडक्यानं साबण लावून पुसलं की पुरे.

माप घेतलंत की नडगीची लांबी, पोटरीचा घेर आणि दुखत असेल तर नेमकं कुठं दुखतं, हे तिन्ही लिहून कळवा. दोन मापांच्या मधे अडकली असेल तर त्यावरून कोणतं आधी मागवायचं ते सांगता येईल.